घरचं हवामान केंद्र लावताय? आधी घड्याळाचं बघा

चार वर्षांपूर्वी मावसभाऊ जर्मनीहून आला तेव्हा त्याने माझ्यासाठी एक डबा आणला, आत स्क्रीनवालं यंत्र, बाहेर लावायचा सेन्सर, पाऊस मोजायचं भांडं, वारा मोजायच्या वाट्या आणि बाण, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं की घड्याळ रेडिओवर आपोआप जुळतं, हात लावायची गरज नाही. आम्ही चोपडा तालुक्यात राहतो, थोडी केळी आहे, थोडा कापूस, मला या गोष्टीचा लहानपणापासून नाद. त्याच संध्याकाळी सेल टाकले. तीन दिवस झाले तरी स्क्रीनवरचं टॉवरचं चिन्ह नुसतं लुकलुकत राहिलं, आणि आमचे नाना ओट्यावरून येता-जाता विचारायचे, "हाई घड्याय कोन्ता गावना टाईम दखाडस रे?"

नानांचा प्रश्न बरोबर होता. आता गावात आणखी तीन-चार जणांनी अशी यंत्रं आणलीत आणि प्रत्येकजण पहिल्यांदा घड्याळापाशीच अडकतो, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढतोय. यंत्र ५ हजाराचं असो की ३० हजाराचं, पद्धत तीच.

ते टॉवरचं चिन्ह आपल्याकडे का लुकलुकतं

या घड्याळाच्या आत फेराइटच्या कांडीवर तार गुंडाळलेली एक बारकी अँटेना असते. ती लांब लहरींवरचा टाइम सिग्नल पकडते. युरोपच्या मालात हा सिग्नल जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनच्या केंद्राचा, नाव डीसीएफ ७७, फ्रिक्वेन्सी ७७.५ किलोहर्ट्झ. दर सेकंदाला एक छोटा ठोका येतो, ठोका ०.१ सेकंदाचा असला तर शून्य आणि ०.२ सेकंदाचा असला तर एक, असं मिनिटभर ऐकलं की तास, मिनिट, तारीख, वार सगळं कळतं. फार सुंदर व्यवस्था आहे, पण तिची पोच साधारण २००० किमी आणि आपण तिथून साडेसहा हजार किमीच्या आसपास. इंग्लंडचं केंद्र ६० किलोहर्ट्झवर, अमेरिकेचंही ६० वर, जपानची ४० आणि ६० वर, चीनचं ६८.५ वर. यातलं चीनचं त्यातल्या त्यात जवळ, तरी चोपड्यापासून चार हजार किमीच्या वरच. म्हंजे खान्देशात यातलं एकही भरवशाने येत नाही. यंत्र बिघडलेलं नाहीये, दुकानदाराशी भांडू नका, गच्चीवर नेऊन रात्रभर उत्तर-पश्चिमेला तोंड करून ठेवू नका (मी ठेवलं होतं, आठ रात्री).

उलट एक धोका आहे. रात्री कधीतरी इन्व्हर्टर, एलईडी बल्ब नाहीतर मोबाइल चार्जरचा खरखराट त्या अँटेनात शिरतो आणि घड्याळाला वाटतं सिग्नल मिळाला, सकाळी बघावं तर तारीख भलतीच. म्हणून पहिलं काम हेच, सेटिंगमध्ये जाऊन रेडिओ घड्याळ बंद करा. बहुतेक यंत्रांत आरसीसी किंवा डीसीएफ असं लिहिलेलं असतं, त्याला ऑफ करायचं.

दुसरं काम टाइम झोनचं, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक फसतात. या घड्याळांत झोन पूर्ण तासाने बदलतो, अधिक एक, अधिक दोन असा. आपली वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे, जर्मनीच्या हिवाळ्यात त्यांच्या साडेचार तास पुढे आणि उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे. तो अर्धा तास बऱ्याच यंत्रांत बसतच नाही. तर झोन शून्यावर ठेवा, उन्हाळी वेळ म्हणजे डीएसटी ऑफ करा, आणि सरळ आपली वेळ हाताने भरा. २४ तासांची पद्धत निवडा, रात्रीचे बारा आणि दुपारचे बारा यात घोळ नको.

सेकंदाला जुळवायचं असेल तर मोबाइलचं घड्याळ सेकंदासकट उघडून समोर ठेवा, नेटवरून वेळ आपोआप घ्यायची सेटिंग चालू आहे ना ते बघा. यंत्रात पुढचं मिनिट भरून ठेवायचं आणि मोबाइलवर शून्य सेकंद झाला की शेवटचं बटण दाबायचं, बहुतेक घड्याळं तिथून शून्य सेकंदापासून धरतात. भारताची अधिकृत वेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, आणि ज्यांचं यंत्र वायफायवालं आहे त्यांनी टाइम सर्व्हरच्या जागी प्रयोगशाळेचा सर्व्हर टाकायची सोय आहे का ते बघावं. नवीन घेणार असाल तर माझं स्पष्ट मत, रेडिओ घड्याळाच्या नावावर जादा पैसे घालू नका, वायफायवालं घ्या, ते वेळ नेटवरून घेतं आणि अर्ध्या तासाचा झोनही त्यात असतो. आकाशवाणीच्या बातम्यांआधीचे पीप ऐकून जुळवायचं तर जुन्या रेडिओवर ऐका, ॲपवर आवाज काही सेकंद उशिरा पोचतो.

एवढा अट्टाहास कशाला

कारण पावसाचा दिवस रात्री बाराला संपत नाही. हवामान खात्याचा पाऊस सकाळी ८.३० ते दुसऱ्या सकाळी ८.३० असा मोजतात, आणि आज सकाळी ८.३० ला संपलेला पाऊस आजच्या तारखेला लिहितात. आपल्याकडे महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिमीच्या वर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. आता बघा माझं पहिल्या वर्षी काय झालं. मी पुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे जर्मनीची वेळ भरून झोन अधिक तीन केला होता, म्हणजे घड्याळ बरोबर अर्धा तास मागे, आणि मी म्हटलं अर्ध्या तासाने काय होतं. जुलैत एका सकाळी आठ ते नऊ असा दणकून पाऊस झाला. मी यंत्रातले साडेआठ बघून आकडा लिहिला ७१ मिमी. मंडळाचा आकडा बराच कमी आला. मी दोन आठवडे लोकांना सांगत फिरलो की आमच्या शिवारात अतिवृष्टी झाली, मोजणीच चुकीची आहे. मग एके रात्री ध्यानात आलं की माझे साडेआठ म्हंजे खरे नऊ होते, आणि त्या शेवटच्या अर्ध्या तासातला पाऊस दुसऱ्या दिवसाचा होता. तो वजा केला तर माझाही आकडा ६५ च्या खाली. दोन गावांत पाऊस थोडा कमी-जास्त असतोच, पण चूक माझ्या घड्याळाची होती आणि मी ज्यांना बोललो त्यांच्याकडे जाऊन तसं सांगितलं. तेव्हापासून मी कुणी विचारलं की आधी वेळ बघतो, मग आकडा.

घड्याळ एकदा जुळवलं की झालं असंही नाही. आतला क्वार्ट्झ स्फटिक साधारण २५ अंशाला सगळ्यात नीट चालतो, त्याच्या वर किंवा खाली गेलं की मंद होतो. ४५ अंशाच्या खोलीत दिवसाला एक सेकंदाच्या वर मागे पडू शकतो, महिन्याला अर्धं-पाऊण मिनिट. म्हणून दर महिन्याच्या १ तारखेला जुळवायचं, आणि जुळवायच्या आधी किती सेकंद फरक होता ते वहीत लिहायचं. दोन-तीन महिन्यांत आपल्या यंत्राची चाल कळते.

जोडणी

सगळं आधी घरातच टेबलावर जोडा. सेन्सर आणि स्क्रीन एक-दोन मीटरवर ठेवा, पुस्तिकेत ज्याचे सेल आधी टाकायला सांगितलेत त्याचे आधी टाका, आणि मग तीन-चार मिनिटं कुठलंही बटण दाबू नका, यंत्र सेन्सर शोधत असतं. सेल नवे अल्कलाइन, जुने-नवे मिसळून नाही. मग युनिट बदला, सेल्सिअस, मिमी, किमी प्रति तास, हवेच्या दाबाला हेक्टोपास्कल. बाहेरच्या मालात पाऊस इंचात असतो, ते राहून जातं.

घेताना सेन्सरची फ्रिक्वेन्सी नक्की विचारा. ४३३ मेगाहर्ट्झवालं घ्या. अमेरिकेचा ९१५ वाला माल घेऊ नका, आपल्याकडे तो पट्टा मोबाइलच्या कामाचा. आणि डब्यावर १०० मीटर पोच लिहिली असली तर ती मोकळ्या मैदानातली, दोन विटांच्या भिंती नि एक पत्र्याचं छत मध्ये आलं की २०-३० मीटरही पुष्कळ झाले. लोखंडी कपाट, फ्रिज, पत्र्याची पडवी यांच्यामागे स्क्रीन ठेवू नका.

तापमानाचा सेन्सर

खान्देशात खरी परीक्षा इथेच. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि लोक सेन्सर पत्र्याच्या शेडला लटकवतात नि ५१ चा फोटो गावभर पाठवतात. तो हवेचा आकडा नाही, तो पत्र्याचा आकडा आहे. हवामान खातं हवेचं तापमान सावलीत, पांढऱ्या झिलमिलीच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर मोजतं. आपल्यालाही तसंच करायचं, पेटी मात्र स्वस्तात होते.

कुंडीखाली ठेवायच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या प्लेटा घ्या, साधारण १६-१८ सेंमीच्या, आठ ते दहा नग. वरच्या दोन अख्ख्या ठेवा, बाकीच्यांच्या मधोमध सेन्सर मावेल एवढं गोल भोक कापा, सगळ्यात खालची पुन्हा अख्खी, फक्त पाणी निघायला चार बारीक भोकं. कडेने तीन ठिकाणी भोक पाडून ६ मिमीचा आटेवाला रॉड घाला. दोन प्लेटांमध्ये दीड सेंमी फट पाहिजे, त्यासाठी ठिबकच्या १६ एमएमच्या नळीचे दीड-दीड सेंमीचे तुकडे कापा आणि रॉडमध्ये ओवा. ठिबकची जुनी नळी तर आपल्याकडे प्रत्येक बांधावर पडलेली असते, उन्हानं ती लवकर तडकतही नाही. प्लेटा उलट्या लावायच्या, म्हणजे कड खाली, पाऊस आत येत नाही आणि वारा चारी बाजूंनी खेळतो. सेन्सर मध्ये लटकवा, प्लेटेला चिकटू देऊ नका.

हा सांगाडा पाइपवर दीड-दोन मीटर उंच, माती किंवा गवतावर, भिंतीपासून शक्य तितका लांब. गावात घराला घर लागून असतं, जागा नसते, तर मग गच्चीवर लावावं लागतं, पण तिथे तापलेल्या स्लॅबची धग येते हे समजून घ्या, उंची वाढवा, एसीच्या बाहेरच्या युनिटपासून आणि काळ्या टाकीपासून लांब ठेवा. माझं आता मळ्यात विहिरीजवळ आहे. केळीच्या बागेच्या आत लावलं तर बागेतलं हवामान कळेल, गावाचं नाही, बागेत दुपारी थंड नि दमट असतं. दोन्ही कामाचं आहे, पण एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावावर सांगू नये.

लावायच्या आधी दोन चाचण्या करा. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घाला, सेन्सर झिपवाल्या पिशवीत नीट बंद करून त्यात पुरा, अर्ध्या-पाऊण तासाने शून्य ते एकच्या दरम्यान यायला पाहिजे. स्टीलच्या थर्मासमध्ये करू नका, सिग्नल बाहेर येत नाही. दुसरी दमटपणाची, घट्ट झाकणाच्या डब्यात वाटीभर मीठ, त्यात जेमतेम ओलं होईल एवढंच पाणी, बाजूला सेन्सर, झाकण लावून रात्रभर ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्के होते, हा मिठाचा गुणच आहे. सकाळी ७१ दिसलं तर तुमचा सेन्सर ४ कमी दाखवतो, लिहून ठेवा. आणि एप्रिल-मेच्या दुपारी आर्द्रता २० वर किंवा १० वर येऊन अडकली तर घाबरू नका, स्वस्त सेन्सर त्याच्या खाली वाचतच नाहीत आणि आपली हवा तेवढी कोरडी होते.

पाऊस

भांडं मोकळ्यावर पाहिजे, जवळचं झाड किंवा भिंत जेवढी उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर. चार बाजूंनी लेव्हल बॉटल लावून बघा, आतली छोटी डोलणारी वाटी तिरकी बसली की आकडा चुकतो. वाटी भरली की कलंडते, एक कलंडणं म्हणजे ०.२ किंवा ०.३ मिमी, यंत्र ते मोजतं.

तपासायचं कसं, तर नरसाळ्याचं तोंड मोजा. समजा व्यास ११ सेंमी, तर क्षेत्रफळ ९५ चौ. सेंमी, म्हणजे १० मिमी पावसाला ९५ मिली पाणी. तेवढं पाणी मापून सलाइनच्या नळीतून थेंब थेंब अर्ध्या तासात सोडा. एकदम ओतलं तर कलंडताना पाणी वाया जातं आणि कमी दाखवतं, जोराच्या पावसात असंच होतं म्हणून ढगफुटीसारख्या पावसाचा आकडा थोडा कमीच समजा. माझ्या यंत्राने ९.३ दाखवलं, म्हणून मी शेवटच्या आकड्याला ७-८ टक्के वाढवून लिहितो आणि तसं वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

यंत्र "आजचा पाऊस" रात्री बाराला शून्य करतं. म्हणून मी एकूण पावसाचा आकडा रोज सकाळी ८.३० ला लिहितो आणि त्यातून कालचा वजा करतो. २.५ मिमी किंवा जास्त असेल तर तो पावसाचा दिवस धरायचा.

वारा

वाट्या नि बाण जितके उंच तितके चांगले, खात्याचं माप १० मीटर, घरी गच्चीच्या वर २-३ मीटर पाइप लावला तरी चालतं, पण पाइपला तारांचे ताण द्या, वैशाखातल्या वादळात जे वारे केळी आडवी करतात ते पाइपही सोडत नाहीत. बाणाची उत्तर नीट लावायची. सोपा उपाय रात्रीचा, ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून साधारण २१ अंशांवर, हात लांब करून मूठ धरली तर दोन मुठी वर. आमच्याकडून तो सातपुड्याच्या वर दिसतो. त्याच्या रेषेत अंगणात दोन खुंट्या ठोका. दिवसा करायचं तर सूर्योदय नि सूर्यास्ताच्या बरोबर मधल्या वेळेला उभ्या काठीची सावली उत्तरेला पडते. घड्याळी बाराला नाही. आपली वेळ ८२.५ रेखांशावरची आणि चोपडा-जळगाव ७५ च्या पुढे थोडं, म्हणून आपल्याकडे खरा मध्यान्ह साडेबाराच्या आसपास, ऋतूप्रमाणे पंधरा मिनिटं मागे-पुढे. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र हा उपाय करू नका, तेव्हा सूर्य डोक्यावर असतो, सावलीच सापडत नाही, आणि तिथून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो म्हणून सावली दक्षिणेला पडते.

हवेचा दाब आणि ती ढगाची चित्रं

यंत्राला समुद्रसपाटीचा दाब सांगावा लागतो. दर साडेआठ-नऊ मीटरला साधारण १ हेक्टोपास्कल, म्हणजे तापीकाठच्या २०० मीटर उंचीच्या गावाला सुमारे २३ मिळवायचे. सातपुड्यात तोरणमाळला लावणार असाल तर हा हिशोब नुसत्या भागाकाराने चालणार नाही, यंत्रात उंची भरायची सोय असेल ती वापरा.

स्क्रीनवर सूर्य, ढग, पाऊस अशी चित्रं येतात त्यांच्यावर विसंबून फवारणी ठरवू नका. ती दाब खाली-वर होण्यावर चालतात आणि युरोपच्या हवेसाठी बसवलेली. आपल्याकडे दाब रोजच दोनदा चढतो-उतरतो, सकाळी नि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे नि दुपारी चारच्या सुमारास कमी. त्यामुळे भर उन्हाळ्यात कोरड्या दुपारी यंत्र ढग दाखवतं. कामाची पद्धत अशी की आज दहाचा दाब कालच्या दहाच्या दाबाशी ताडायचा, चारचा चारशी. इथेही वेळ नीट नसली तर तुलनाच चुकते. एका दिवसात ३-४ ने उतरला तर मात्र आभाळाकडे लक्ष ठेवा, कापूस वेचून ठेवलेला असेल तर झाकून घ्या.

रोजची वही आणि निगा

माझ्या वहीत पाच रकाने, तारीख, ८.३० चा एकूण पाऊस, रात्रीचं कमीत कमी तापमान, कालचं जास्तीत जास्त, आणि शेरा. शेऱ्यात केळीचं लिहितो, थंडीत पारा ८-१० वर आला की चरका म्हणजे थंडीची इजा दिसली का, पोगा म्हणजे नवं गुंडाळलेलं पान कधी अडकलं, उन्हात पानं कधी होरपळली. केळीच्या विम्यासाठी मंडळातल्या सरकारी स्वयंचलित केंद्राचेच आकडे धरतात, आपले नाही, पण आपल्या शिवाराचं पिकाशी नातं आपल्याच वहीतून कळतं. पाणी किती द्यायचं हे मी आता त्यावरूनच ठरवतो.

सेल बदलायच्या आधी सगळे आकडे लिहून घ्या, बऱ्याच यंत्रांत सेल काढला की वेळ आणि साठलेलं सगळं पुसतं. नवे टाकले की पुन्हा वेळ, पुन्हा आरसीसी ऑफ, हे विसरू नका, ते आपोआप ऑन झालेलं असतं. फेब्रुवारी ते मे धूळ फार, प्लेटा काळपट झाल्या की तापमान वाढीव येतं, ओल्या फडक्याने पुसा. नरसाळ्यात केळीच्या वाळल्या पानाचे तुकडे, कोळ्याची जाळी, कुंभारीण माशीचं मातीचं घर हमखास सापडतं. मी ७ जूनच्या आत, मृग लागायच्या आधी, भांडं खोलून धुतो, लेव्हल बघतो, ९५ मिलीची चाचणी करतो, घड्याळ जुळवतो. यंदा नाना सोबत होते, सलाइनची नळी त्यांनी धरली आणि मी वाटीचं कलंडणं मोजलं, ९.४ आलं.